उत्तर लिहिलं कुणी?

माझा भाचा लातुरात रूम करून राहतो. बारावी, सोबत नीट. त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लातूर, नांदेड, परभणी, बीड अशी कुठकुठची पोरं आहेत. रात्री साडेअकराला अडलेल्या गणिताचा फोटो टाकायचा आणि मेसचा डबा धुऊन यायचं, तोवर उत्तर हजर. वहीच्या पानावर, निळ्या पेनानं, कडेला आकृतीसुद्धा. दिवाळीत गावी आला तेव्हा मोठ्या कौतुकानं दाखवत होता.

"कळलं का पण?"

"कळलं की मामा."

"मग फोन ठेव आणि मला सांग."

दोन ओळी नीट आल्या, तिसरीला गाडी अडली. "म्हणजे… बघितल्यावर कळतंय."

बघितल्यावर कळतंय, हे आपल्या सगळ्यांचंच होतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मॅथ्यू फिशर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये याच भासावर प्रयोग प्रसिद्ध केले. काही लोकांना दप्तराची चेन कशी लागते यासारख्या प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधायला लावली, काहींना इंटरनेट दिलं नाही. मग दोन्ही गटांना भलत्याच विषयांवरचे प्रश्न दाखवून विचारलं, हे तुम्हाला कितपत समजावून सांगता येईल? ज्यांनी आधी इंटरनेट चाळलं होतं त्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. नव्या प्रश्नांबद्दल तर त्यांनी काहीच शोधलं नव्हतं! बाहेर ठेवलेलं ज्ञान आणि डोक्यातलं ज्ञान यांच्यातला बांध त्यांच्या नकळत पुसला गेला होता.

त्या नव्या प्रश्नांत एक होता: ढगाळ रात्री उबदार का असतात? आपल्याकडे हा प्रश्न कुणी प्रयोगशाळेत विचारत नाही. हरभरा फुलात असताना आभाळ आलं की आई म्हणते, थंडी पळाली, आता घाटेअळी येणार. मी भाच्याला तोच प्रश्न दिला आणि उत्तर ग्रुपवर मागायचं नाही, ग्रुपला सांगायचं, अशी अट घातली.

अट माझी नव्हे, उसनी. औशाकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे माझे एक मित्र आहेत. मुलांचे डाऊट ग्रुपवर सुटू लागल्यावर त्यांना आधी बरं वाटलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की विचारणारे शंभर असले तरी उत्तरं लिहिणारी तीच पाच-सहा पोरं आहेत आणि चाचणीत पुढे जातात तीही तीच. आता हुशार होती म्हणून लिहीत होती, की लिहून हुशार झाली? दोन्ही असणार. पण दुसऱ्या शक्यतेला आधार आहे. 2014 च्या एका अमेरिकी अभ्यासात विद्यार्थ्यांना एकच उतारा वाचायला दिला. काहींना सांगितलं, यावर परीक्षा आहे. काहींना सांगितलं, हे तुम्हाला दुसऱ्याला शिकवायचं आहे. शिकवायला कुणालाच लावलं नाही, परीक्षा मात्र सगळ्यांची घेतली. शिकवायच्या तयारीनं वाचणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं, मुख्य मुद्दे तर विशेष.

म्हणून सरांनी ग्रुपचे नियम बदलले. प्रश्नासोबत आपण कुठवर आलो ते लिहायचं. पहिल्या तासात पूर्ण उत्तर टाकायचं नाही, फक्त पुढची पायरी सुचवायची. आणि आठवडाभर ज्यानं काही लिहिलं नाही, त्याची पाळी आधी. सर स्वतः सगळ्यात शेवटी बोलतात. पालकांना हे पटायला वेळ लागला. सर उत्तर देत नाहीत, मग पगार कशाचा, असंही एकानं विचारलं.

उत्तर ठाऊक नसलेल्यांनी आपसात बोलून काय होणार, हा त्यांचा दुसरा आक्षेप. हार्वर्डमध्ये एरिक माझूर 1991 पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच करत आले: प्रश्न, प्रत्येकाचं मत, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा मत. कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये ही पद्धत तपासली, तेव्हा ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथेही चर्चेनंतर समज वाढलेली दिसली.

मग ग्रुप लांबलांबच्या पोरांचा कशाला, रूममधले चौघे पुरेत की! इथे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर आठवतात. बोस्टनजवळच्या न्यूटन इथे नोकरी बदललेल्या लोकांकडे चौकशी करून त्यांनी 1973 मध्ये दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना ती खबर बहुतेक वेळा रोजच्या दोस्ताकडून नव्हे, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. जवळच्यांना आपल्याइतकंच ठाऊक असतं. रूममधले चौघे एकाच तालुक्याचे, एकाच क्लासचे, चौघांकडे झेरॉक्सही एकच. चूक झाली तर चौघांची एकच होते. मला वाटतं, दूरच्या पोराचा खरा उपयोग आयत्या उत्तरापेक्षा वेगळ्या चुकीसाठी जास्त आहे.

भाच्यानं ढगांवर दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज केला. दिवसा तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांतून उष्णता सोडते, आभाळ निरभ्र असेल तर त्यातली बरीच अवकाशात निघून जाते, इथवर ठीक. पुढे म्हणाला, ढग आरशासारखे ती परत खाली फेकतात. कुणीतरी लगेच अंगठा दिला. मला राहवत नव्हतं, पण अट मीच घातलेली.

सकाळी किनवटच्या एका मुलीचा मेसेज होता: आरसा नाही रे. ढगातले पाण्याचे थेंब ती उष्णता शोषतात आणि मग स्वतःच्या तापमानाप्रमाणे सगळीकडे सोडतात, त्यातली काही खाली येते. आरसा असता तर ढग गार आहे की गरम, यानं काही फरक पडला नसता. मग उंचावरच्या विरळ, गार ढगांनी रात्री कमी ऊब का मिळते, सांग.

भाचा अजून त्यावर बसलाय. परवा फोन करून विचारत होता, मामा, तुम्हाला येतं का हे?