‘द गुड, द बॅड, द वीअर्ड’मधील छायालेखन

किम जी-उन यांनी दिग्दर्शित केलेल्या या कोरियन साहसपटाच्या छायालेखनासाठी ली मो-गे यांना २००८ चा ब्लू ड्रॅगन हा कोरियन चित्रपट पुरस्कार मिळाला. (२०२२ मध्ये ‘हंट’ या हेरपटासाठी त्यांनी तो पुन्हा मिळवला.) कथा १९३० च्या दशकातल्या मांचुरियाची (चीनच्या ईशान्य भागाची) आहे: एका नकाशामागे तिघे, आणि त्यांच्या मागे टोळ्या व जपानी फौज. वाळवंटातला भाग चीनमध्ये, दुनहुआंगच्या परिसरात चित्रित झाला.

या कामाचं मोठेपण असं की कितीही धुमश्चक्री चालली तरी कोण कुठे आहे आणि कोणाची बंदूक कोणाकडे रोखलेली आहे, हे पाहणाऱ्याला कळत राहतं. रुंद चौकटीचा खरा उपयोग इथे झाला आहे.

बाजारातल्या चकमकीत नट जोंग उ-सोंग दोराला लटकून छपरांवरून झोके घेत गोळ्या झाडतो. इथे कॅमेराही तारेवर टांगून त्याच्यासोबत झुलवला आहे. असा शॉट जमवणं अवघड असतं. मोकळ्या दोराचा झोका वजनावर नाही, लांबीवर ठरतो: ९ मीटरच्या दोराला जाऊन परत यायला सुमारे ६ सेकंद लागतात, ६ मीटरच्या दोराला जेमतेम ५. कॅमेऱ्याचा दोर आखूड पडला, तर दुसऱ्याच हेलकाव्यात नट चौकटीबाहेर. म्हणून तार ओढणाऱ्यांनी दोन्ही झोके हाताने जुळवून घ्यावे लागतात. अंतर सतत बदलत असल्याने फोकस सुटण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणजे वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स आणि भर उन्हात लेन्सचं एफ ८ ते ११ इतकं बारीक छिद्र, म्हणजे जवळचं-दूरचं दोन्ही स्पष्ट राहतं. वजन कमी ठेवण्यासाठी फिल्म कॅमेऱ्याला १२२ मीटर फिल्म मावणारं छोटं मॅगझिन (फिल्मचा डबा) लावतात. ३५ मिमी फिल्मवर, सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने, ते साडेचार मिनिटांच्या आत संपतं.

शेवटचा पाठलाग घोडे, मोटारसायकली आणि जीपगाड्यांचा आहे. ताशी ४५ किमी वेगाने जाणारा घोडा १८० अंशांच्या शटरला (फिल्मसमोर फिरणारी, निम्मा वेळ प्रकाश आत सोडणारी चकती), म्हणजे १/४८ सेकंदात, सुमारे २६ सेंटिमीटर सरकतो. स्थिर कॅमेऱ्यात तो पुसट होतो. कॅमेऱ्याची गाडी शेजारून त्याच वेगाने धावली, तर स्वार रेखीव राहतो आणि फरफटते ती जमीन. वेग जाणवतो तो यामुळे. शटर ९० अंशांवर आणलं की पुसटपणा निम्मा होतो, उडालेला खडान् खडा दिसतो, पण हालचाल किंचित तुटक वाटते. शिवाय एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो.

धूळ ही या दृश्याची शोभा आणि छायालेखकाची डोकेदुखी. सूर्य धुळीच्या पाठीमागे असला तर ती उजळते, समोरून ऊन पडलं तर सपाट, मातकट दिसते. कॅमेऱ्याची गाडी पुढे धावली तर तिचाच धुरळा लेन्सवर येतो, म्हणून ती वाऱ्याची दिशा पाहून ठेवायची. दुपारी टोपीच्या काठाखाली डोळे काळे पडतात. तिथे रिफ्लेक्टरने खालून उजेड द्यावा लागतो. त्याच वेळी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि टेलिफोटो (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्समधून चेहरा विरघळल्यासारखा दिसतो. सगळ्यात घातक म्हणजे गेटमध्ये (लेन्समागे फिल्म ज्या खिडकीपाशी उघडी होते तिथे) अडकलेला वाळूचा कण: तो रिळाच्या लांबीभर उभा ओरखडा पाडतो, आणि हे लॅबमधून फिल्म धुऊन आल्यावरच कळतं. त्यामुळे प्रत्येक टेकनंतर लेन्स काढून, टॉर्च मारून गेट तपासतात.