नुसती भीती घालून म्हातारी माणसं मास्क लावत नाहीत

2020 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवा. 26 एप्रिलला होती, लॉकडाऊन लागून महिना झालेला, लेकी माहेरी आल्या नाहीत, झोके बांधले गेले नाहीत आणि घरातले आजी-आजोबा दिवसभर टीव्हीसमोर बसून मेलेल्यांचे आकडे ऐकत होते. त्यात मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा कोरोना मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त निघाला, मग तर विचारूच नका. धडकी सगळ्यांनाच भरली होती पण एकाच गल्लीत वागणं दोन टोकांचं. एखादी आजी दुधाची पिशवी साबणाने धुतल्याशिवाय घरात घेणार नाही, आणि समोरच्या ओट्यावरचे अप्पा रुमाल गळ्यातच ठेवून म्हणणार, "माले काही व्हत नही."

आपण म्हणतो अप्पांना भीतीच नाही. मला ते पटत नाही. बऱ्याचदा अप्पा आजीइतकेच घाबरलेले असतात, फक्त ती भीती वेगळ्या वाटेने बाहेर पडते.

अमेरिकेतल्या संशोधक किम विट यांनी 1992 मध्ये यावर एक मॉडेल मांडलं. धोका कळला की माणूस मनात दोन गोष्टी तपासतो, हे संकट माझ्यासाठी किती मोठं आहे, आणि मला त्यावर काही करता येईल का, केलं तर उपयोग होईल का. दुसऱ्याचं उत्तर हो आलं तर तो धोक्याशी लढतो, म्हणजे हात धुतो, अंतर ठेवतो. उत्तर नाही आलं तर धोका राहतो बाजूला आणि माणूस भीतीलाच दाबायच्या मागे लागतो, चॅनेल बदलतो, विषय टाळतो, "काही होत नाही" म्हणतो. बाहेरून ते धाडस वाटतं.

आता वयस्कर माणसाला "मला जमेल का" हा प्रश्न किती अवघड जातो ते बघा. मास्क लावला की चष्म्यावर वाफ येते, कमी ऐकू येणाऱ्याला समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, गुडघे दुखतात म्हणून दहा वेळा मोरीपर्यंत उठणं नको वाटतं, आणि मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या आसपास गेल्यावर तोंड बांधून बसायचं म्हणजे जीव गुदमरतो. यातली एकही अडचण न सोडवता आपण फक्त "बाहेर जाल तर मराल" एवढंच सांगत राहिलो.

याबाबतीत मला सगळ्यात आवडतो तो येल विद्यापीठातला 1965 चा प्रयोग. हॉवर्ड लेवेंथाल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली, काहींना फार भीतीदायक तर काहींना सौम्य. नुसती भीती दाखवली त्यांच्यापैकी साधारण 3 टक्केच इंजेक्शन घ्यायला गेले. पण ज्यांना सोबत दवाखान्याचा नकाशा दिला, कधी कसं जायचं ते ठरवायला सांगितलं, त्यांच्यात हा आकडा 28 टक्क्यांच्या जवळ गेला, आणि भीती जास्त घातली का कमी याने इंजेक्शन घेण्यात फारसा फरक पडला नाही. 1 मार्च 2021 पासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा आपल्याकडेही हेच कामी आलं, नातवाने कोविन या लसीच्या सरकारी पोर्टलवर नाव टाकलं, आधार कार्ड खिशात दिलं, सकाळच्या थंड वेळेत गाडीवर बसवून केंद्रावर नेलं की आजोबा गेले.

कारण सांगण्यानेही बळ येतं. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं. 20 सेकंद हात चोळायचे ते त्यासाठी. हे समजलं की आजीला महागडं सॅनिटायझर नसल्याची काळजी उरत नाही, कपड्याचा साबणही चालतो.

भीती वाईटच असंही नाही हं. 2020 मध्ये ब्रिटनमध्ये केलेल्या एका अभ्यासात कोरोनाची भीती ज्यांना जास्त त्यांनीच नियम जास्त पाळलेले दिसले. आणि वय झालेला माणूस जास्त खचतो हाही गैरसमज आहे, स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी 2020 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत पाहणी केली तर धोका जास्त असूनही मोठ्या वयाच्या लोकांची मनःस्थिती तरुणांपेक्षा बरी निघाली.

त्रास होतो तो भीती महिनोन्महिने मुक्काम ठोकते तेव्हा. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीर सोडतं ते संप्रेरक, वाढलेलं राहतं, त्याने साखर आणि बीपी वर जातं, झोप उडते. त्याच 2020 साली कोरोनाची भीती मोजायला सात प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, त्यात बातम्या बघताना अस्वस्थ वाटतं का, काळजीने झोप लागत नाही का असंच विचारलेलं आहे. बातम्या दिवसातून एकदाच लावायच्या, तेही झोपायच्या आधी नाही, एवढं घरच्यांना नक्की करता येतं.

आणि घाबरून पलंगावर पडून राहणं तर फारच महागात पडतं. 2007 मधल्या एका अभ्यासात ठणठणीत वयस्कर लोकांना दहा दिवस पूर्ण झोपवून ठेवलं तर पायांमधलं चरबी सोडून वजन साधारण एक किलो घटलं, त्यात मुख्यतः स्नायू. म्हणून साथ असली तरी सकाळी सातच्या आत, ऊन चढायच्या आधी, गच्चीवर किंवा अंगणात फेऱ्या चालू ठेवायच्या, बीपी-शुगरच्या गोळ्या संपायच्या आधी आणायच्या, आणि छातीत दुखलं तर कोरोनाच्या भीतीने घरी न थांबता दवाखाना गाठायचा.