फोटोखालची ओळ झाकून विमान ओळखा

जुन्या फोटोतलं लष्करी विमान ओळखायचं असेल, तर आधी फोटोखाली लिहिलेली ओळ हाताने झाकावी. ती बऱ्याचदा फार नंतर, ऐकीव माहितीवर कुणीतरी लिहिलेली असते. 'पहिलं महायुद्ध, फ्रान्स' असं ठोकून दिलेलं विमान प्रत्यक्षात दहा वर्षांनंतर पेशावरला उभं असू शकतं. फोटो स्वतः सहसा इतकं खोटं बोलत नाही.

नजर आधी नाकाकडे न्यावी. शंभर वर्षांपूर्वीची द्विपंखी विमानं लांबून सारखीच दिसतात, पण इंजिन बदललं की नाक बदलतं. ब्रिटिशांच्या डीएच (म्हणजे डी हॅविलँड) मालिकेतली तीन बॉम्बफेकी विमानं बघा. डीएच ४ च्या नाकाशी मोटारीसारखा रेडिएटर असतो. डीएच ९ मध्ये तो पोटाखाली गेला आणि इंजिनाचे सिलिंडर वरून उघडे दिसू लागले. पुढे डीएच ९ए ला अमेरिकन बनावटीचं ४०० अश्वशक्तीचं लिबर्टी इंजिन मिळालं आणि समोरचा चौकोनी रेडिएटर परत आला. मग ४ आणि ९ए यांत फरक कसा करायचा? माणसांकडे बघून. डीएच ४ मध्ये वैमानिक आणि मागचा निरीक्षक यांच्यामध्ये पेट्रोलची टाकी होती, त्यामुळे दोघं चांगलेच लांब बसत. हवेत एकमेकांशी बोलणं मुश्कील, आणि टाकीला गोळी लागण्याची धास्ती वेगळीच. पुढच्या विमानांत ही चूक सुधारली आणि दोघांच्या बैठका पाठोपाठ आल्या. डोकी जवळजवळ आणि नाकाशी रेडिएटर, म्हणजे ब्रिटिश विमानांत बहुधा ९ए.

हे ९ए आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. १९१८ मध्ये फ्रान्सला गेलेल्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची ९ए विमानं हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून आली होती आणि तसा मजकूर त्यांच्या अंगावर रंगवलेला होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात, त्यामुळे त्यात आपल्याकडचाही पैसा असेल, कोण जाणे. त्यांतलं एफ १०१० हे विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागलं. बर्लिन आणि पोलंड असा प्रवास करून ते आता लंडनमधल्या हेंडनच्या संग्रहालयात आहे.

युद्धानंतर ९ए वायव्य सरहद्दीवर आलं. तिथल्या फोटोंत धडाला चक्क एक जादा चाक बांधलेलं दिसतं. खडकाळ रानात उतरावं लागलं तर टायर आणायला कोण जाणार? त्याच काळात तिथे वापिटी नावाची ब्रिटिश द्विपंखी विमानंही आली. ९ए चे सुटे भाग पडून होते, ते वापरता यावेत अशा बेताने वापिटीची रचना झाली होती. साहजिकच दोन्हींचे पंख बघून गोंधळ उडतो. पण वापिटीच्या नाकाशी रेडिएटर नाही. तिथे हवेने थंड होणारं, नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेलं ज्युपिटर इंजिन आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला भारतीय हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं, तेही चार वापिटींवर.

आता रंग. फोटो कृष्णधवल, पण करड्या छटांमध्ये रंग लपलेले असतात. फिल्मवरचे चांदीचे क्षार मुळात निळ्या प्रकाशालाच दाद देतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्ममध्ये विशिष्ट रंगद्रव्य घालून ती हिरव्यापर्यंत नेली, पण लाल तिला दिसतच नाही. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. अशा फिल्मवर लाल काळपट येतो आणि निळा फिकट, जवळजवळ पांढरा. पुढच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला लालही दिसतो, त्यामुळे तिच्यावर दोन्ही रंग बऱ्याचदा एकाच करड्या छटेत मिसळतात.

फिल्म कोणती होती, हे विमानच सांगतं. ब्रिटिश विमानांवर ओळखीसाठी रंगवलेल्या वर्तुळाच्या मधला ठिपका लाल आणि बाहेरचं कडं निळं, हे ठरलेलं. (फ्रेंचांचं नेमकं उलट.) ब्रिटिश विमानावर ठिपका काळा आणि कडं फिकट दिसलं, की फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. आता ही किल्ली घेऊन शेपटीच्या सुकाणूकडे जायचं. त्यावर तीन उभे पट्टे असतात. १९३० पर्यंत निळा पट्टा पुढे असे. फ्रेंच विमानांचाही क्रम तोच, म्हणून त्या वर्षी तो उलटवून लाल पुढे घेतला आणि १९३४ मध्ये पट्टे काढूनच टाकले. म्हणजे पुढचा पट्टा फिकट असेल, तर फोटो बहुधा १९३० च्या आधीचा. गडद असेल, तर त्यानंतरच्या चारेक वर्षांतला. फक्त विमानावर जुना रंग काही काळ तसाच राहिला असेल, एवढी सूट ठेवायची. मला स्वतःला या सगळ्या खटाटोपात हा भाग सर्वांत आवडतो. रसायनशास्त्राने तारीख लावून दिल्यासारखं आहे हे.

अर्थात, धडावरचा क्रमांक वाचता आला तर यातल्या कशाचीच गरज उरत नाही. दप्तरात बघितलं की काम झालं. पण नेमका तोच बहुधा समोर उभ्या असलेल्या साहेबाच्या सोला हॅटमागे गेलेला असतो.