एका जीपीएसवर दोन सॉफ्टवेअर का चालत नाहीत, त्यामागची गोष्ट

मिरकरवाड्याला काय किंवा हर्णैला काय, बोटीच्या केबिनमध्ये लॅपटॉप लावला की हा प्रश्न हमखास येतो. यूएसबी जीपीएस जोडलाय, ओपनसीपीएन या समुद्री नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या चार्टवर बोट मस्त दिसतेय, आणि ट्रॅक नोंदवणारं दुसरं सॉफ्टवेअर उघडलं की ते सांगतं पोर्ट बिझी आहे. जीपीएसला काही झालेलं नसतं, याचं मूळ बरंच मागे आहे.

१९८३ साली अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने एनएमईए ०१८३ हे स्टँडर्ड काढलं, बोटीवरची वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून. स्पीड ४८०० बॉड (म्हणजे सेकंदाला ४८०० बिट), साधी अक्षरं, ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची. त्यातली आरएमसी ओळ, म्हणजे वेळ आणि बोटीची जागा सांगणारी ओळ, प्रत्येकाने एकदा तरी नीट बघावी. वेळेनंतर 'ए' असेल तर फिक्स, म्हणजे बोटीची जागा, मिळालाय, 'व्ही' असेल तर नाही, आणि मग अक्षांश. रत्नागिरीचा १६५९ आणि पुढे दशांश असा येतो, म्हणजे १६ अंश ५९ मिनिटं, दोन्ही चिकटवूनच लिहितात.

आता खरी गंमत बघा, या स्टँडर्डमध्ये शेअरिंग पहिल्यापासून होतंच! बोलणारा एक, ऐकणारे अनेक. जीपीएसच्या वायरला फाटा काढून ऑटोपायलटलाही द्या, रडारलाही द्या. घोळ झाला तो कॉम्प्युटरपाशी, कारण विंडोजमध्ये कॉम पोर्ट, म्हणजे जीपीएसचा डेटा जिथून आत येतो ते दार, एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. लिनक्सवर दोघांना उघडता येतो, पण मग अक्षरं दोघांत वाटली जातात, अर्धी ओळ याला, अर्धी त्याला, आणि कुणालाच काही कळत नाही.

२ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक बंद केली, स्वस्त रिसीव्हरसुद्धा कामाचे झाले, आणि एकाच लॅपटॉपवर दोन-तीन सॉफ्टवेअर लागायला लागली. उपाय निघाला तो मध्ये एक प्रोग्राम बसवायचा. लिनक्सवर जीपीएसडी हा प्रोग्राम ९०च्या दशकापासून हेच करतोय, पोर्ट फक्त तोच उघडतो, बाकीचे त्याच्याकडून २९४७ या नेटवर्क पोर्टवर (नेटवर्कवरच्या दाराचा हा नंबर) डेटा घेतात. विंडोजवर जीपीएसगेटसारख्या सॉफ्टवेअरनी खोटे कॉम पोर्ट बनवून प्रत्येकावर तीच ओळ पाठवली. पुढे विंडोज ७ मध्ये लोकेशनची सोय सिस्टिममध्येच आली, पण बोटीवरची बरीच सॉफ्टवेअर अजून एनएमईएच मागतात.

ओपनसीपीएन स्वतःच आलेला डेटा नेटवर्कवर पुढे पाठवू शकतं, त्यासाठी १०११० हा पोर्ट ठरलेला आहे, त्यामुळे दुसरं सॉफ्टवेअर टीसीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून, डेटा घेणारं असेल तर आधी हेच करून बघा.