बफरमध्ये वाघ नसतो म्हणे!

ताडोब्याचं कोअरचं, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याचं, सफारी बुकिंग मिळालं नाही की त्याभोवतीचा पट्टा, म्हणजे बफर, असूनही लोक सहलच रद्द करतात. कारण एकच, वर्षानुवर्षं कानावर पडलेलं: ‘बफरमध्ये नुसती झाडं, वाघ आतच असतो.’

हे खरं नाही. कोअर आणि बफर ही कागदावरची वाटणी आहे. मध्ये ना भिंत, ना कुंपण. ताडोबा-अंधारी प्रकल्पाचं कोअर सुमारे 625 चौरस किलोमीटर, तर बफर त्याहून मोठा, सुमारे 1100. वाघ हद्द ठरवतो ती मूत्राचे फवारे मारून आणि झाडांवर ओरखडे काढून. वनखात्याचा नकाशा त्याला कोण दाखवणार? आईपासून वेगळे झालेले तरुण नर तर नवी जागा शोधत बाहेरच्या अंगालाच सरकतात. आगरझरी, जुनोना, देवाडा या बफरच्या बाजूंनाही वाघ दिसतात.

फरक आहे तो वेगळाच. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, गुरं चरतात. त्यामुळे ‘निबिड अरण्य’ वाटत नाही, एवढंच. तिथल्या गुराख्याला विचारा वाघ असतो का. तो तुमच्याकडे बघतच राहील.

पावसाळ्यात, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, कोअर बंद असतं. बफरच्या काही फेऱ्या मात्र रस्त्यांची स्थिती पाहून चालू राहतात. दर्शनाची हमी कुठेच नाही, कोअरमध्येसुद्धा. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांमुळे शक्यता वाढते, दोन्हीकडे.