राडोनेझचे संत सर्गेई: एकांतासाठी जंगलात गेले आणि गाव वसलं

मॉस्कोच्या ईशान्येला सुमारे ७० किलोमीटरवर सेर्गियेव पोसाद आहे. एकात एक बसणाऱ्या मात्र्योश्का बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव एका मठाभोवती वाढलं. तो मठ ज्यांनी उभारला, त्यांना माणसांपासून दूर राहायचं होतं.

चौदाव्या शतकात रशियन संस्थानं मंगोलांची मांडलिक होती. खंडणी भरता भरता रोस्तोवमधलं एक सरदार घराणं कफल्लक झालं आणि राडोनेझला येऊन राहिलं. त्या घरचा मुलगा बार्थोलोम्यू. आईवडील गेल्यावर तो थोरल्या भावाला, स्तेफानला, घेऊन रानात गेला. दोघांनी पवित्र त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने लाकडाचं लहानसं चर्च बांधलं. स्तेफानला तिथली उपासमार सोसवली नाही, तो मॉस्कोच्या मठात निघून गेला. बार्थोलोम्यूने संन्यास घेऊन सर्गेई हे नाव धारण केलं. एक अस्वल रोज यायचं. सर्गेई त्याच्यासाठी झाडाच्या खुंटावर पावाचा तुकडा ठेवत. एकच तुकडा उरला असेल तर तोही त्यालाच देत.

हळूहळू इतर साधक येऊन राहिले आणि सर्गेईंना नाइलाजाने मठाधिपती व्हावं लागलं. पण पाणी वाहणं, लाकडं फोडणं ही कामं त्यांनी सोडली नाहीत. एकदा तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. चौथ्या दिवशी ते दानिएल नावाच्या वृद्ध साधूकडे कुऱ्हाड घेऊन गेले. त्याला झोपडीपुढे पडवी हवी होती. मजुरी ठरली चाळणभर बुरसटलेल्या पावाची. दानिएल पाव आधीच देऊ लागला, पण सर्गेईंनी संध्याकाळपर्यंत पडवी पुरी केली आणि मगच खाल्लं. १३८०च्या मंगोलांविरुद्धच्या कुलिकोव्हो लढाईआधी त्यांनी मॉस्कोचा राजा द्मित्री याला आशीर्वाद दिला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ते खरे दिसतात ते या पडवीपाशी.

पुढे स्तेफान परतला. मठावर माझा पहिला हक्क, असं तो बोलल्याचं सर्गेईंच्या कानावर आलं. ते एक शब्द न बोलता किर्झाच नदीकडे चालू लागले आणि तिथे नवा मठ उभा राहिला. रशियन चर्चचा धर्मप्रमुख अलेक्सी याने त्यांना परत आणलं. त्याच अलेक्सीने मृत्यूपूर्वी आपलं पद आणि सोन्याचा क्रूस पुढे केला, तेव्हा लहानपणापासून अंगावर सोनं घातलं नाही, म्हणून त्यांनी नकार दिला.

मृत्यूच्या सहा महिने आधी सर्गेईंनी शिष्य निकॉनच्या हाती मठ सोपवला आणि मौन धरलं. २५ सप्टेंबर १३९२ रोजी ते गेले.