फडकं मारता मारता गाडीची चमक जाते कुठे?

रात्री काळ्या नाहीतर गडद निळ्या गाडीजवळ उभे राहा आणि मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर मारून बघा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल गोल रेषा दिसतील आणि टॉर्च सरकवला की ते जाळंही त्याच्याबरोबर सरकेल. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं की फडकं गोल फिरवून पुसतो म्हणून गोल ओरखडे पडलेत, पण मग ते टॉर्चबरोबर सरकतात कसे? तर ओरखडे मुळात गोल नसतातच. आडवे, उभे, तिरके, सगळ्या दिशांना असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक बारीक चर, आणि चराच्या काठावर पडलेला प्रकाश चराच्या लांबीत नाही तर आडवा फेकला जातो, त्यामुळे ठिपक्याभोवती वर्तुळासारखे जे पडलेत तेवढेच आपल्या डोळ्यापर्यंत उजेड पोचवतात, बाकीचे तिथेच असतात पण दिसत नाहीत. पानं गळलेल्या झाडामागे रस्त्यावरचा दिवा असला की फांद्या दिव्याभोवती गोल विणल्यासारख्या दिसतात ना, तोच प्रकार. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडी बारकाईने साफ आणि पॉलिश करून देणारे, याला स्वर्ल मार्क म्हणतात.

आता गंमत अशी की हे ओरखडे बहुतेक वेळा आपणच पाडलेले असतात, तेही गाडी चकाचक दिसावी म्हणून.

त्याआधी चमक म्हणजे काय ते बघू, कारण लोकांना वाटतं चमक ही गाडीला लावायची गोष्ट आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असला की प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो आणि आपल्याला त्यात समोरच्या इमारतीची धारदार प्रतिमा दिसते. खडबडीत असला की तोच प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो आणि रंगावर पांढुरकी धूसर झाक येते. आणि खडबडीत म्हणजे किती, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तेवढ्या मापाचे खाचखळगे सुद्धा घोळ घालायला पुरतात. काळ्या गाडीवर हे जास्त दिसतं कारण काळा रंग स्वतः काहीच प्रकाश परत पाठवत नाही, मग ओरखड्यावरून आलेला थोडासा उजेडही उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवर ओरखडे तेवढेच असतात, फक्त मुळातच इतका प्रकाश परत येत असतो की त्यात ते लपून जातात.

हे खोटं वाटत असेल तर निस्तेज झालेल्या बॉनेटवर मगभर पाणी ओता. ओलं असेपर्यंत गाडी नवी दिसते! पाण्याने चर भरून निघतात, वरचा पृष्ठभाग सपाट होतो, आणि पाणी आणि रंग यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश किती वाकवतात त्या मापात, फार फरक नसल्यामुळे (पाण्याचा १.३३, रंगाचा साधारण १.५) खालच्या चरांवर प्रकाश फारसा विखुरत नाही. वाळलं की पुन्हा जैसे थे. म्हणजे रंग गेलेला नसतो, फक्त वरचा पृष्ठभाग बिघडलेला असतो.

आणि हा वरचा पृष्ठभाग केवढा जाड? पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर कोट, सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन धरला तर गाडीची सगळी चमक केसापेक्षाही पातळ अशा पारदर्शक थरात असते, आणि खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून वाचवणारी रसायनंही त्याच थरात घातलेली असतात.

आता सकाळचा तो सीन आठवा. गाडीवर रात्रभराची धूळ, हातात कोरडं फडकं, आणि टपावरून सुरू करून खालपर्यंत सपासप. धुळीत क्वार्ट्झचे म्हणजे वाळूचे कण असतात, मोहच्या काठिण्याच्या १ ते १० मापावर क्वार्ट्झ ७ ला येतो, तो काचेवरही ओरखडा पाडतो, तिथे क्लिअर कोट म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लॅस्टिक, त्याचं काय चालणार! कण फडक्यात अडकतो आणि आपण तो दाबून पूर्ण दारावर फिरवतो. सरळ हात मारा, गोल मारू नका असं सांगतात त्यात थोडं तथ्य आहे, ओरखडे एकाच दिशेचे असले तर कमी कोनांतून दिसतात, पण पडायचे ते पडतातच.

म्हणून धुताना खरं काम हाताचं नाही, पाण्याचं. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सुटी धूळ खाली घालवायची, हात लावायचाच नाही, मग शाम्पू. शाम्पूचे रेणू एका टोकाने तेलकट मळाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरतात हे आपल्याला माहीत असतं, पण गाडीच्या बाबतीत त्याचा तितकाच मोठा उपयोग म्हणजे निसरडेपणा, कण रंगात रुतण्याऐवजी फेसावरून घसरून जातो. भांड्यांचं लिक्विड चालणार नाही का असं विचारतात. रंग काही लगेच जळत नाही त्याने, पण तेलकट काढण्यासाठीच ते बनवलंय म्हटल्यावर मळाबरोबर रंगावर चढवलेला वॅक्सचा थरही न्यायला बघणार. दोन बादल्यांची पद्धत मला आधी नखरा वाटायची, एकीत शाम्पू आणि दुसरीत मळलेलं फडकं खळबळायला साधं पाणी. मग एकदा धुऊन झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघितला. एवढी वाळू तिथे साचली होती आणि एकच बादली असती तर ती पुन्हा गाडीवरच गेली असती.

वाळवण्याचं शास्त्र वेगळंच आहे. उन्हात धुवू नका म्हणतात, त्याचं कारण पाण्याचे थेंब भिंगासारखे होऊन रंग जाळतात असं सांगितलं जातं. पण सपाट पत्र्यावर बसलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू पृष्ठभागाच्या बराच खाली जातो, म्हणजे प्रकाश रंगावर एकवटतच नाही. खरा दोष पाण्यातल्या क्षारांचा. पाणी उडून जातं, कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात, आणि ते ठिपका न होता कडेला गोल कडं धरतात. असं का ते १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं: थेंबाची कड एका जागी चिकटलेली असते आणि बाष्पीभवन कडेलाच जास्त होतं, ती तूट भरायला आतलं पाणी सतत कडेकडे वाहतं आणि जाताना सगळा गाळ घेऊन जातं. चहाच्या डागाची कड गडद असते तीही याच कारणाने. उन्हाने पत्रा तापलेला असला की हे सगळं तुम्ही पुसायच्या आत उरकतं, बस.

पक्ष्यांच्या शिटेचं मात्र लगेच बघा, ओली करून भिजू द्या आणि मग अलगद उचला. नुसत्या आम्लाचा प्रश्न नाही, उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि वाळलेल्या शिटेच्या खरबरीत तळाचा साचा स्वतःवर उठवून घेतो. तो ठसा धुऊन जात नाही.

मग पॉलिश. पॉलिश आणि वॅक्स एकच समजणारे खूप भेटतात, प्रत्यक्षात दोन्ही उलट कामं करतात, एक काढतं आणि दुसरं चढवतं. पॉलिशमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते, ती ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत आणते. म्हणजे ओरखडा भरत नाही, शेजारची जमीनच खाली येते. न्यूटनने १७०४ मध्येच लिहून ठेवलंय की पॉलिश करणं म्हणजे ओरखडे इतके बारीक करणं की ते दिसेनासे होतात. पण प्रत्येक वेळी एक-दोन मायक्रॉन जातात, जोर लावला तर जास्त, आणि गेलेले परत येत नाहीत. दरवर्षी रबिंग करून घ्या हा सल्ला क्लिअर कोट नव्हता त्या काळातला आहे, तेव्हा रंगाचाच वरचा थर उन्हाने मरायचा आणि तो घासून काढला की खालून ताजा रंग यायचा. तुमच्या गाडीला क्लिअर कोट आहे का ते पांढऱ्या कापडावर कळतं, पॉलिश करताना कापडाला गाडीचा रंग लागला तर बहुतेक नाही.

वॅक्सचं काम साधं आहे. कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरून मिळतं, कोरड्या हवेत पानातलं पाणी टिकावं म्हणून झाडाने केलेली ती सोय. गाडीवर त्याचा पातळ थर बसला की पाणी पसरण्याऐवजी गोळा होऊन घरंगळतं. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवतात तो कडक पारदर्शक थर, त्याच्यापेक्षा बरंच जास्त टिकतं हे खरं, पण त्यावर ‘९एच’ लिहिलेलं बघून मोहच्या मापावरचा ९ समजू नका, तिथे तर माणिक आणि नीलम असतात. हा ९एच पेन्सिलीचा आहे, म्हणजे ९एच शिसाची कडक पेन्सिल घासली तर ओरखडा पडत नाही इतकंच. वाळूचा कण पेन्सिलीपेक्षा कितीतरी कडक असतो.